विश्वासरावांची गोळी आणि साताऱ्याची गादी

अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवरून ६ एप्रिल १९६७ रोजी 'स्टार ट्रेक' मालिकेचा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' हा भाग दाखवला गेला. त्यानंतर बारा वर्षांनी, १९७९ साली, जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह आला आणि त्यातील 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मराठी वाचकांच्या कायमची लक्षात राहिली. एक कलाकृती दूरचित्रवाणीवरची, दुसरी छापील. एकीची पार्श्वभूमी न्यूयॉर्कची, दुसरीची पुणे-मुंबईची. दोन्हींचा कणा मात्र एकच आहे. एक माणूस मेला की वाचला, एवढ्यावरून पुढचा सारा इतिहास वेगळा होतो.

दोन्हींविषयी टोकाची मते संभवतात. एका पक्षाला त्यांत इतिहासाच्या अनिश्चिततेचे दर्शन घडते, तर दुसऱ्याला इतिहासाचे सुलभीकरण दिसते. या वादाचा निवाडा केवळ कथेच्या आत राहून करता येणार नाही, असे मला वाटते. त्यासाठी ज्या भूमीचे नंतरचे रूप पानिपताच्या निकालाने घडवले, तिच्याकडे पाहिले पाहिजे. सातारा आणि सांगली या दोन गावांची साक्ष येथे काढायची आहे ती त्यासाठी.

प्रथम त्या दूरचित्रवाणी-भागाविषयी. औषधाच्या जादा मात्रेने भ्रमिष्ट झालेला डॉक्टर मॅकॉय एका कालद्वारातून १९३० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये जातो आणि तेथे काहीतरी असे करतो की पुढचे जगच नाहीसे होते. त्याला शोधत गेलेल्या कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांना उलगडा होतो तो असा. गरिबांसाठी अन्नछत्र चालवणारी ईडिथ कीलर ही शांततावादी स्त्री अपघातात मरायला हवी होती आणि मॅकॉयने तिला वाचवले. ती जगली तर तिच्या शांतता-चळवळीमुळे अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरणार आणि जर्मनी जिंकणार. कर्क तिच्या प्रेमात पडलेला असतो. तरीही तिला वाचवायला धावलेल्या मॅकॉयला तोच अडवतो.

या भागाला १९६८ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला, पण मूळ लेखक हार्लन एलिसन अखेरपर्यंत नाराज राहिला. त्याच्या मूळ संहितेत निर्णायक क्षणी कर्क तिला वाचवायला जातो आणि स्पॉक त्याला रोखतो. निर्मात्यांनी ते बदलले. मालिकेच्या नायकाला कर्तव्यापुढे डगमगताना दाखवणे त्यांना मानवले नाही. एलिसनने आपली मूळ संहिता १९९६ मध्ये पुस्तकरूपाने छापली आणि सोबत आपले गाऱ्हाणेही सविस्तर मांडले. वरवर हे लेखक-निर्मात्याचे भांडण आहे. खरा प्रश्न असा की 'इतिहास जसा घडला तसाच घडला पाहिजे' हे मान्य करणे शहाणपणाचे आहे की अमानुष?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा भाग दाखवला गेला तेव्हा व्हिएतनामचे युद्ध पेटलेले होते. त्याच्या दोनच दिवस आधी, ४ एप्रिल १९६७ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्या युद्धाविरुद्ध आपले प्रसिद्ध भाषण केले होते. अशा वेळी एका शांततावादी स्त्रीच्या मृत्यूवर जगाचे भवितव्य अवलंबून ठेवणारी कथा कोणाच्या बाजूने बोलते, हे विचारणे अस्थानी नाही. तिचे तत्त्व खरे होते पण तिची वेळ चुकली, असा समारोप ती कथा करते. ज्याला आज युद्ध थांबवायचे आहे त्याला प्रत्येक वेळी 'ही ती वेळ नव्हे' असेच सांगितले जाते, ही गोष्ट त्या समारोपातून निसटते.

आता नारळीकर. या कथेचे लेखकानेच केलेले इंग्रजी रूप 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने २००६ साली एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात आले आणि महाराष्ट्राबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही ही कथा ठाऊक झाली. इतिहासकार गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर एका वेगळ्याच भारतात वावरू लागतात. तेथे मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे, पण भाडेपट्ट्याने. टाउन हॉलच्या ग्रंथालयात इतिहासाची पुस्तके चाळताना त्यांना उलगडते की तेथे पानिपत मराठ्यांनी जिंकले. 'भाऊसाहेबांच्या बखरी'च्या त्या जगातल्या प्रतीत विश्वासरावांना गोळी लागत नाही, ती कानाजवळून निघून जाते. पुढे विश्वासराव आणि माधवराव मराठी सत्ता वाढवतात, दादासाहेब बाजूला पडतात, कंपनीला पाय रोवता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकात पुण्याचे राज्यकर्ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाची केंद्रे काढतात आणि विसाव्या शतकात लोकशाही येते. दिल्लीचा बादशहा नामधारी शिक्कामोर्तबापुरता उरतो. गंगाधरपंत परत येतात तेव्हा राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ त्यांना आपत्ती-सिद्धान्त आणि पुंजवादातली अनिश्चितता यांच्या आधारे या अनुभवाचा अर्थ सांगतो.

पहिला आक्षेप अर्थातच 'एका गोळी'चा. १४ जानेवारी १७६१ च्या दिवशी दुपारपर्यंत मराठ्यांची बाजू वरचढ होती. इब्राहिमखान गारद्याने रोहिल्यांना मागे रेटले होते आणि भाऊसाहेबांच्या हुजुरातीने अब्दालीच्या मधल्या फळीला खिंडार पाडले होते. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि सैन्य फुटले. इथवर नारळीकरांचे गणित बिनचूक आहे. परंतु तोवर नोव्हेंबरपासूनची कोंडी झालेली होती. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले होते. छावणीत उपासमार होती, यात्रेकरू आणि बायकापोरांचा भार होता, आणि अब्दालीच्या हाती ताज्या दमाची राखीव फौज व उंटांवरच्या जंबुरक तोफा होत्या. त्र्यं. शं. शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१' हा ग्रंथ वाचणाऱ्याला हा पराभव एका क्षणात झालेला दिसत नाही, तो महिनोन्‌महिने साचत गेलेला दिसतो. गोळी चुकली असती तर त्या दिवशीचा निकाल कदाचित बदलला असता. रिकामी पोटे त्यामुळे भरली नसती.

तरी या आक्षेपाला मी निर्णायक मानत नाही. आपत्ती-सिद्धान्ताचा मुद्दा हाच की समतोल काठावर आलेला असला तरच क्षुल्लक धक्का निर्णायक ठरतो. काठावर येण्याची कारणे दीर्घ असतात, हे तो सिद्धान्त नाकारत नाही. नारळीकरांनी लढाईतला क्षण निवडला तो कथेच्या सोयीसाठी, आणि निवड वाईट नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि तो साताऱ्याचा आहे. कथेच्या इंग्रजी रूपात दिल्लीचा नामधारी बादशहा आहे, पण साताऱ्याचा नामधारी छत्रपती कोठेच नाही. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले. रामराजा गादीवर आला आणि १७५० च्या सांगोल्याच्या कराराने राज्याची सूत्रे पेशव्यांकडे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. पानिपत झाले तेव्हा मराठी राज्याचा छत्रपती या अवस्थेत होता. औरंगजेबाशी झुंजलेल्या ताराबाई पानिपताची बातमी ऐकायला हयात होत्या. नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले, आणि ताराबाई त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाच्या ८६ व्या वर्षी.

तेव्हा पानिपत जिंकले असते तर विजय कोणाचा झाला असता? शिक्का साताऱ्याचा, फौज पुण्याची, सरदार इंदूर-ग्वाल्हेरचे. हे नाते विजयाने सुटले असते की अधिक ताणले गेले असते? कथेतल्या भारताचे विजयाआधीचे भांडण विजयानंतर अदृश्य होते. दादासाहेबांना निवृत्त करणे लेखणीच्या एका फटकाऱ्याने जमते, साताऱ्याचे काय करायचे हे मात्र सांगावेच लागले नाही.

ही उणीव अधिक बोचते ती पुढच्या एका कारणाने. कथेचा सर्वांत आकर्षक भाग म्हणजे देशी राज्यकर्त्यांनी स्वतः होऊन आधुनिक विद्या आपलीशी करणे. प्रत्यक्ष इतिहासात याचे जवळचे दाखले शोधायला गेलो तर ते भोसल्यांच्या घरात सापडतात. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीने ग्रंथ जमवले, शरीरशास्त्राचा अभ्यास केला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच देवनागरी छापखाना चालवला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी शाळा काढली, छापखाना आणला, शहराच्या पाणीपुरवठ्याकडे लक्ष दिले. हे दोघेही इंग्रजांच्या छायेतले राजे होते, आणि ती विद्या त्यांच्यापर्यंत त्याच छायेतून पोचली, हे मान्य करावेच लागेल. म्हणजे कथेतल्या गृहीतकाला बळ देणारा पुरावाही आहे आणि त्याला छेद देणारी अटही त्या पुराव्यातच आहे. ज्या गादीचा कथेला विसर पडला, त्या गादीवरच हा प्रश्न सर्वांत टोकदारपणे उभा राहतो.

आता सांगली. पानिपतानंतर पुण्याच्या राजकारणात चुलता-पुतण्यांचा कलह पेटला. १७६२-६३ मध्ये रघुनाथरावांनी मिरजेवर मोहीम केली, गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले, आणि ऑगस्ट १७६३ मधल्या राक्षसभुवनच्या लढाईच्या सुमारास ते पुन्हा माधवरावांच्या बाजूला आले. पुढे हैदरअलीविरुद्धच्या दक्षिण सरहद्दीची राखण हा पटवर्धनांचा व्यवसायच झाला. मिरजेच्या या दौलतीतून १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. त्यांच्याच आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. कथेप्रमाणे दादासाहेब बाजूला पडले असते तर मिरजेचा वेढा नाही, ती फाटाफूट तशी नाही, आणि कदाचित सांगली ही कृष्णाकाठची एक लहान वस्तीच राहिली असती. मराठी नाटकाला दुसरा कोणी आरंभकर्ता मिळालाही असता, पण तो भावे नसता.

हा हिशेब मी गमतीसाठी मांडत नाही. नारळीकरांच्या कथेत एक प्रसंग आहे, ज्याच्यावरून वाचक पटकन पुढे जातो. गंगाधरपंत मुंबईत आपला मुलगा विनय याला भेटायला त्याच्या कचेरीत जातात आणि त्या नावाचा कोणी तेथे नाही असे त्यांना सांगितले जाते. या जगात तो कदाचित जन्मलाच नसेल, हे त्यांच्या ध्यानात येते. सगळ्या कथेतले हे सर्वांत गंभीर स्थान आहे. पानिपताचा विजय फुकट मिळत नाही, त्याची किंमत आपली पोटची पोरे आहेत. कर्कला ईडिथ गमवावी लागते, तसा गंगाधरपंतांना विनय. फरक इतकाच की कर्कला निवड करावी लागते आणि गंगाधरपंतांना ती करावी लागत नाही. आझाद मैदानावर भरल्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची बळकावायला गेल्यावर लोक त्यांना झोडपतात आणि ते आपल्या जगात परत येतात. नाट्य म्हणून पाहिले तर हा भाग दूरचित्रवाणीवरच्या त्या भागापुढे फिका पडतो. नारळीकरांनी विनयचा धागा सोडून द्यायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे. गोऱ्यांच्या गुलामीत न गेलेला भारत पाहून गंगाधरपंतांना त्याचे मोल वाटू लागते. पण गुलामी काय फक्त गोऱ्यांचीच होती? १८३० च्या सुमारास साताऱ्यात छत्रपतींच्या क्षत्रियत्वाचा आणि वेदोक्ताचा वाद रंगला. प्रतापसिंह एका बाजूला होते, आणि त्यांच्या विरोधकांत सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन प्रमुख होते. शिवाजी महाराजांच्या वंशजाला स्वतःच्या धर्माधिकारासाठी वाद घालावा लागावा, हे इंग्रजांनी शिकवलेले नव्हते. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, सावित्रीबाई त्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८४८ साली डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले आणि त्याच वर्षी फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली. एकच वर्ष एका वाचकासाठी अस्ताचे आहे आणि दुसऱ्यासाठी उदयाचे. कथेतला भारत विसाव्या शतकात लोकशाहीपर्यंत पोचतो, पण ती लोकशाही कोणी, कोणाशी झगडून मिळवली हे आपल्याला कळत नाही. या कथेकडे गतवैभवाचे स्वप्न म्हणून पाहणारे चूक ठरत नाहीत ते या मौनामुळे.

येथे ईडिथ कीलरचा प्रश्नही पुन्हा समोर येतो, कारण तो साताऱ्याने प्रत्यक्ष जगून पाहिला आहे. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग होता. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या कचेरीवरचा मोर्चा शांततेत पार पडला. ९ सप्टेंबरला वडूजच्या आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. वडूजला नऊ जण हुतात्मा झाले. १९४३ पासून नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, कुंडलला तुफान सेना निघाली, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पैशाची गाडी लुटली गेली. महायुद्ध चालू असताना, गांधींना मानणाऱ्या माणसांनी शस्त्र धरावे की नाही, हा वाद येथे घरोघरी होता. वडूजच्या गोळ्यांनी हे वळण आणले असे म्हणायचा मोह होतो. पण त्या गोळ्या ज्या गावांत ऐकू आल्या, तेथे सत्यशोधक जलशांनी एक पिढी आधी माणसे बोलती केलेली होती. पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात स्थायिक झालेल्या गेल ऑम्वेट यांनी या चळवळीचा तो पाया अभ्यासपूर्वक दाखवून दिला. गोळी निर्णायक ठरते ती अशी, मशागत झालेल्या जमिनीत.

मग ही कथा मोठी म्हणायची की नाही? माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचे कारण तिच्या उत्तरांत नाही, तिच्या रीतीत आहे. गंगाधरपंत वेगळ्या जगात पोचल्यावर पहिली धाव घेतात ती ग्रंथालयाकडे. आपला इतिहास कोठपर्यंत जुळतो आणि कोठे फाटतो, ते ते पुस्तकांतून शोधतात. पुरावा म्हणून त्यांच्या हाती उरते ते बखरीचे एक फाटके पान. ही इतिहासकाराची वृत्ती आहे. साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने तेथल्या कागदपत्रांच्या आधारे १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी संस्कृत शिकवता शिकवता पटवर्धनांची दप्तरे धुंडाळली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडाखंडाने बाहेर काढला. पानिपतानंतरच्या मराठेशाहीची अनेक पाने आपण या दप्तरांमुळे वाचतो. 'जर-तर' लिहिण्याचा अधिकार 'काय झाले' हे तपासणाऱ्यालाच असतो, हे नारळीकरांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांचा नायक इतिहासकार आहे, सेनापती नाही.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. त्यांच्या या कथेवर आता दोन प्रकारे अन्याय होऊ शकतो. एक, ती पाठ्यपुस्तकातला निरुपद्रवी धडा होऊन बसेल. दोन, पानिपताच्या पराभवाचे शल्य कुरवाळणाऱ्यांच्या हाती ती स्वप्नपूर्तीची गोष्ट म्हणून जाईल. दोन्हींवर उपाय एकच, तिच्याशी तिच्याच रीतीने भांडणे. तिच्या नकाशात सातारा घालून पाहावा, सांगली पुसून पाहावी, फुल्यांना त्या भारतात जागा शोधून पाहावी. असे केल्यावर कथा जेथे टिकते तेथे ती खरोखर टिकते. जेथे टिकत नाही तेथून पुढची कथा कोणी लिहायची, हे मात्र मराठीत अजून ठरायचे आहे.